फटफटीचा ठराव

१ जानेवारी, गुरुवार

साखर कारखान्याकडून सभासदांना यंदाही डायरी आली. दोन वर्षं पाऊस नाही, ऊस नाही, गाळप नाही. डायरी मात्र वेळेवर. प्रत्येक पानाच्या तळाशी एक सुविचार छापलेला आहे. आजचा : ‘नोंद ठेवतो तो मागे पडत नाही.’ म्हणून नोंदी ठेवायचं ठरवलं. खरं तेच लिहीन. वाचणारं कुणी नाही. सुभद्राला वाचता येतं, पण तिला माझ्या कागदपत्रांत कधीच रस नव्हता.

मी उत्तरेश्वर. गावच्या दूध उत्पादक सहकारी संस्थेचा सेक्रेटरी, सतरा वर्षं झाली. सकाळी बायका चरव्या घेऊन येतात, मी लॅक्टोमीटर बुडवून दुधाला डिग्री लावतो, माप घेतो, आणि टेम्पो ते दूध सिरसाळ्याच्या शीतकरण केंद्रावर नेतो. गावात सध्या बाप्या माणूस औषधाला नाही. दसऱ्यानंतर टोळ्या ऊस तोडायला गेल्या. चेअरमन आसाराम हा मुकादम, तोही गेला. माझा चुलतभाऊ सिदू गेला. उरले म्हातारे, बायका, म्हशी आणि मी. माझी गणती यांतल्या कशात करायची, हे गावाने अजून ठरवलेलं नाही.

६ जानेवारी, मंगळवार

दूध संघाचं पत्र आलं. आपल्या संस्थेचं संकलन शंभर लिटरच्या आत आल्यामुळे १ फेब्रुवारीपासून टेम्पो गावात येणार नाही. संस्थेने स्वतः सकाळी आठच्या आत दूध केंद्रावर पोचवावं. सलग तीन दिवस दूध आलं नाही, तर संस्थेचा क्रमांक रद्द.

क्रमांक गेला की संस्था गेली. आणि दूध घालायला जागा नसली, तर या दुष्काळात म्हशीला विकतची वैरण कोण घालणार? दावणीच्या दावणी बाजारात जातील, आणि पुन्हा कुणाच्या दारात म्हैस दिसायची नाही.

संध्याकाळी संकलनाच्या खोलीपुढे सभा घेतली. सगळ्या बायकाच. व्हाइस चेअरमन ताराबाई अध्यक्षस्थानी, म्हणजे खुर्चीवर. बाकीच्या खाली.

म्हाताऱ्या म्हाळूची बैलगाडी न्यावी, असं एकीने सुचवलं. ताराबाई म्हणाली, “अकरा किलोमीटरला अडीच तास घेतो त्यो. दूध वाटंतच नासंल.”

मग बायनाबाई उठली. हिचं वय सत्तर, म्हशी दोन, आणि जिभेला हाड नाही. “सेक्रेटरीच्या घरी फटफटी हाय की. गोणपाटाखाली झाकून ठिवलीया. दसऱ्याला हार घालाया तेवढी भाईर काढतेत.”

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. माझा हात आपोआप कमरेवर गेला. “माझ्या मणक्यात गॅप आहे. सगळ्या गावाला माहीत आहे.”

“चौदा वर्सं ऐकायलोत,” बायनाबाई म्हणाली. “गॅपला आता मिसरूड फुटलं असंल.”

हशा पिकला. मी काही बोलणार, एवढ्यात सुभद्रा उठली. राखीव जागेवर ती संचालक आहे, पण सभेत आजवर तिने तोंड उघडलेलं नाही. तिची सही मीच घरी घेतो. ती म्हणाली, “ह्यांची कंबर न्हाई चालायची. गाडी मी शिकते. ह्यांनी शिकवावं.”

आणि मी सेक्रेटरी असल्यामुळे मलाच माझ्या हाताने लिहावं लागलं : ‘ठराव क्रमांक ४. श्री. उत्तरेश्वर यांनी सौ. सुभद्राबाई यांना मोटारसायकल चालविण्यास शिकवावे. सूचक : ताराबाई. अनुमोदक : बायनाबाई. ठराव सर्वानुमते मंजूर.’

सभेत हात वर झाले तेव्हा मीही केला. न करून सांगतो कुणाला?

७ जानेवारी, बुधवार

खरं तेच लिहायचं म्हटलंय, तर लिहून टाकतो. मला गाडी येत नाही.

एकोणनव्वदला लग्न ठरलं तेव्हा मी अडून बसलो होतो, फटफटी मिळाल्याशिवाय बोहल्यावर चढणार नाही. का, तर मित्राला मिळाली होती. धर्मापुरीच्या सासऱ्यांनी बैलजोडी विकून राजदूत दारात उभी केली. लग्नानंतर पाचव्या दिवशी सासुरवाडीला गेलो असताना, भर दुपारी सगळे झोपलेत असं बघून, मी ती गोठ्यामागे नेली. किक मारली, गिअर टाकला, आणि गाडी माझ्यासकट थेट उकिरड्यात. कुणी पाहिलं नाही, एवढं नशीब. कपडे गुपचूप धुवायला टाकले.

संध्याकाळी मेव्हणा म्हणाला, “दाजी, चला, एक चक्कर मारू.” मला दरदरून घाम फुटला. तेवढ्यात सुभद्रा आतून म्हणाली, “नगं रं. सकाळपास्नं त्यांची कंबर धरलीया.” माझी कंबर ठणठणीत होती, पण देव कुणाच्या तोंडून कधी बोलेल, सांगता येत नाही. मी ती कंबर घट्ट धरून ठेवली. पुढे परळीच्या दवाखान्यात एका पेशंटला डॉक्टर ‘मणक्यात गॅप’ म्हणाले ते कानावर पडलं, आणि दुखण्याला नाव मिळालं.

लायसन्स आहे. ते त्या वेळी एका एजंटाने घरपोच आणून दिलं. इतकी वर्षं दसऱ्याला गाडी बाहेर निघाली की सिदू चालवायचा, मी मागे बसायचो. आता सिदू उसावर.

आजचा सुविचार : ‘जो शिकवतो तोच खरा शिकतो.’ कारखान्यातल्या कुणाला तरी माझ्यावर डूख आहे.

९ जानेवारी, शुक्रवार

पहिला धडा. गावाबाहेरचा पाझर तलाव पार कोरडा पडलाय. सपाट, मोठा, आणि पडलं तर मऊ माती. दुष्काळाने एवढी एकच सोय केली.

सिदूच्या मागे बसून तेरा-चौदा वर्षं मी बघितलेलं सगळं आहे. करता येत नसलं म्हणून सांगता येत नाही, असं थोडंच आहे? सहकारात तर सगळं असंच चालतं. मी सुभद्राला क्लच, ब्रेक, गिअर यांची नावं, कामं आणि जबाबदाऱ्या सांगितल्या. तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, “एकदा चालवून दावा की.”

माझा चेहरा कसा झाला असेल, मला माहीत नाही. तिनेच लगेच स्वतःला आवरलं. “ऱ्हाऊ द्या. कंबर धरली तर पुन्हा मलाच शेकावं लागंल.”

काळजी करणारी बायको मिळायला नशीब लागतं.

गाडी आज पाच वेळा सुरू झाली आणि पाच वेळा बंद पडली.

१२ जानेवारी, सोमवार

एक संकट उभं राहिलंय. त्रिंबकनाना. एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर होता, आता शेळ्या राखतो, आणि नेमका आम्ही तलावात उतरलो की वर बांधाच्या पाळीवर येऊन बसतो. हा माणूस माझं शिकवणं ऐकेल तर दोन मिनिटांत सगळं उघडं पडेल. पण कानाने जरा कमी झालाय, असं वाटतं. सगळं लक्ष शेळ्यांकडे. त्यांच्यावर ओरडत असतो.

आज मी सुभद्राला म्हणत होतो, “क्लच सोड, झटकन सोड, म्हणजे गाडी उचल खाईल.” त्याच वेळी वरून नाना शेळीवर ओरडला, “हळू सोड, कपिले, हळू! झटका देऊ नकू!” कपिला म्हणजे त्याची तांबडी शेळी. ती तर उन्हात निवांत बसलेली होती. म्हातारपणी माणूस शेळ्यांशीही एसटीच्या भाषेत बोलायला लागतो, वाईट वाटतं.

योगायोग असा की सुभद्राने क्लच हळू सोडला आणि गाडी चक्क चालली. तीस-चाळीस पावलं. मी मागून धावत होतो. मग आठवलं की कंबर दुखते, आणि चालायला लागलो.

१४ जानेवारी, बुधवार

नाना आज पुन्हा : “पुढं बघ, कपिले, पुढं! पायाकडं काय बघतीस!” शेळी पायाकडेच बघणार, खायचं असलं तर तिथेच असतं. मी सुभद्राला म्हणालो, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. ती म्हणाली, “लई चांगला माणूस हाय.” रोज त्याला तांब्याभर ताक देऊन येते. म्हातारा माणूस म्हणून देत असेल.

दुसरा गिअर पडायला लागला. माझ्या पद्धतीला यश येतंय.

१७ जानेवारी, शनिवार

सुभद्रा पडली. तळातल्या भेगेत पुढचं चाक अडकलं आणि ती गाडीच्या डाव्या अंगाला गेली. पळत गेलो. कोपर सोललं होतं, शर्टाची बाही रक्ताने भिजली होती. शर्ट माझाच. ऊस तोडायला जाणाऱ्या बाया साडीवर घालतात तसा ती घालते. मी तिला उठवून बसवलं आणि म्हणालो, “पुरे झालं. संस्था गेली तर गेली. मी तुला या लोखंडाखाली घालणार नाही.” हे मी मनापासून म्हणालो.

ती माती झटकत म्हणाली, “आन मग शिंगीला बाजारात कोण नेणार? तुमी?” शिंगी आमची म्हैस. लेकी दोघी परळीला मामाकडे शिकायला, म्हणून सुभद्राचं सगळं लाडकौतुक सध्या शिंगीच्या वाट्याला येतं. ती नेली तर घरात बोलायला मीच उरेन, याचाही तिने विचार केला असेल.

मग हसून म्हणाली, “उकिरड्यात पडल्यापरीस बरं. हितं वास तरी न्हाई.”

उकिरड्याचा विषय तिने मध्येच कुठून काढला, कळलं नाही. मार डोक्याला लागला नाही ना, म्हणून दोनदा विचारलं.

२० जानेवारी, मंगळवार

परळीला लायसन्सच्या कॅम्पला एसटीने जाऊन आलो. सुभद्राने सगळ्या खुणा ओळखल्या. साहेबांनी शिकाऊ लायसन्स दिलं आणि सांगितलं, गाडी चालवताना मागे लायसन्सवाला माणूस बसलाच पाहिजे. मी माझं लायसन्स पुढे केलं. साहेबांनी उलटून पालटून पाहिलं. “चौदा वर्षांत एक अपघात नाही? एक दंड नाही?”

“एक बी न्हाई,” सुभद्रा म्हणाली.

“आदर्श चालक,” साहेब म्हणाले आणि रांगेतल्या पोरांना माझं लायसन्स दाखवलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी मान लववली. सुभद्राला त्याच वेळी जोराचा ठसका लागला. तिला पदर तोंडात धरून बाहेर जावं लागलं. एसटीतली धूळ.

२५ जानेवारी, रविवार

आज पहिल्यांदा मागे बसलो. कायद्याने बसणं भागच होतं. टँकरपुढे घागरी लावून बायका रांगेत उभ्या होत्या, आणि त्यांच्यासमोरून मी बायकोच्या मागे बसून गेलो. खाली बघत होतो. बायनाबाई ओरडलीच, “सेक्रेटरी, घट धरा! हिला सोडलं तर कुटं जाताल!”

मला वाटलं होतं, लाज वाटेल. थोडी वाटली. पण फाट्यापर्यंत गेल्यावर सुभद्राने तिसरा टाकला, वारं कानात शिरलं, आणि तिची पाठ अशी ताठ होती, जशी मी कधी पाहिली नव्हती. चुलीपुढे नाही, गोठ्यात नाही. मला फार बरं वाटलं. माझ्या शिकवण्याचा अभिमान म्हणायचा. आणखी काही असेल तर मला नाव माहीत नाही.

३१ जानेवारी, शनिवार

उद्यापासून टेम्पो बंद. दूध रोज चाळीस लिटरच्या आसपास भरतं. म्हणजे एक कॅन काठोकाठ. पण गाडीला एकाच अंगाला एवढं ओझं लावलं तर तोल जाणार. विचार करत बसलो असताना आजच्या पानावर नजर गेली : ‘ओझे समान वाटले की प्रवास सुखाचा होतो.’ वाहवा. दोन्ही अंगांना एकेक कॅन, दोन्हींत अर्धं अर्धं दूध. सहकाराचं तत्त्व गाडीवर असं लागू पडेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सुभद्रा काहीतरी बोलणार होती. मी म्हणालो, हे हिशेबाचं काम आहे, माझ्यावर सोड.

१ फेब्रुवारी, रविवार

लिहायला लाज वाटते.

पावणेआठला केंद्रावर पोचलो. सुभद्राने गाडी अशी आणून लावली की हमालसुद्धा बघत राहिले. ताराबाईने दिलेलं हळदीकुंकू हँडलला तसंच होतं. केंद्रावरच्या दूध तपासणाऱ्या मास्तरांनी पहिल्या कॅनचं झाकण उघडलं, आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. “सेक्रेटरी, दूध आणलंत का ताक?”

वर लोण्याच्या कण्या तरंगत होत्या. अकरा किलोमीटरच्या खड्ड्यांतून अर्धे कॅन हिंदकळले, आणि दूध वाटेतच घुसळून निघालं. दुसऱ्याचं तेच. फॅट लागलं नाही. दूध परत. पहिला दिवस गेला.

गावात आलो तर बायका चरव्या घेऊन बसल्याच होत्या. कुणी रागावलं नाही, ते जास्त लागलं. बायनाबाईने कॅनमध्ये बोट बुडवून चाटलं. “अर्धी घागर डोक्यावर घिऊन बाई कधी चालत न्हाई. हिंदकळून अंगावर येती. ह्ये शेंबड्या पोरीला कळतंय. बाप्याला कसं कळंल, त्यानं घागर कधी डोक्यावर घेतलीया?”

मी म्हणालो, “मग तोल?”

“एका अंगाला भरलेला कॅन, दुसऱ्या अंगाला धोंडे. धोंड्याला लोनी येत न्हाई.”

घरी आल्यावर सुभद्राला विचारलं, “तुला हे माहीत होतं?” ती भाकरी थापत म्हणाली, “सांगायला आलते. हिशेबाचं काम हाय म्हणालात.” मग तव्याकडे बघत, “उथळ पाण्याला खळखळाट फार.” हे दुधाला म्हणाली असावी.

२ फेब्रुवारी, सोमवार

काठोकाठ कॅन, पलीकडे धोंड्यांचं पोतं. दूध जरा हललं नाही. पण सातव्या किलोमीटरला बाभळीचा काटा मागच्या टायरात. पंक्चर काढणारा सिरसाळ्यात. गाडी ढकलत नेली, म्हणजे सुभद्राने नेली. मी कमरेवर हात ठेवून बाजूने चाललो, कारण रस्त्याने ओळखीची माणसं जात होती. पोचलो तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. वजनकाटा बंद झाला होता. दुसरा दिवस गेला.

परत येताना ती खड्डे चुकवत गाडी नेत राहिली. रागात असती तर बरं वाटलं असतं. घरी आल्यावर शिंगीच्या गळ्यात हात टाकून बसली.

मी हात लावला असता, तर पंधरा मिनिटं वाचली असती. हे मला दिवसभर डोक्यातून जाईना.

उद्या तिसरा.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आजचं सविस्तर लिहितो.

पाच किलोमीटरवर जो चढ आहे, तिथे रोजगार हमीचं खडी फोडायचं काम चालू आहे. आमच्या गावच्या निम्म्या बाया तिथेच. दूध घालून सकाळी साडेसहालाच तिथे जातात, ऊन चढायच्या आत काम उरकावं म्हणून. बायनाबाईसुद्धा हातोडी घेऊन बसलेली. चढाच्या तोंडाशी गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. भरलेला कॅन, धोंडे, आणि मी. एवढं ओझं घेऊन ती चढणार कशी? सुभद्राने किक मारायला पाय उचलला की गाडी कॅनच्या अंगाला कलायची. स्टँडवर लावावी तर कॅन सांडायचा. तीनदा प्रयत्न केला. घड्याळात सात पंचवीस.

“उतरा,” ती म्हणाली. मी उतरलो. “आता धक्का लागंल.”

खडी फोडायचे आवाज थांबले. पंचवीस-तीस बाया हातोड्या हातात धरून बघत होत्या. चौदा वर्षं ज्या कमरेने साधं वैरणीचं ओझं उचललं नाही, लग्नात पंगतीला वाढलं नाही, गावकीच्या श्रमदानात टोपली धरली नाही, ती कंबर आता काय करते, ते बघत होत्या. मी धक्का दिला, तर कमरेचं खोटं संपलं. नाही दिला, तर संस्था संपली.

सुभद्रा मागे वळली नाही. पुढे बघतच हळू म्हणाली, “तुमची कंबर दुखत असंल तर म्हाळूला हाक मारते. त्यो तिकडं पाणी पाजायलाय.”

म्हणजे आत्तासुद्धा तिने मला पळवाट दिली. म्हाळू कुठे दिसत नव्हता. असता तरी साठी उलटलेला माणूस तो.

मी चपला काढल्या, धोतराचा सोगा खोचला आणि सीटला खांदा लावला. आयुष्यात काही ढकललं नसेल असं ढकललं. चढ होता, खडी पायाला टोचत होती, छाती फुटायची वेळ आली. वीस पावलं, तीस पावलं. तिने दुसऱ्यात टाकून क्लच हळू सोडला, आणि गाडी धडधडली.

“आता थांबले तर पुन्हा बंद पडंल,” ती ओरडली. “मी थांबत न्हाई!”

“थांबू नको!” मी ओरडलो.

ती चढ चढून पलीकडे गेली. लायसन्स माझ्या खिशात, गाडी तिच्या हातात. कायद्याने चूक होतं. तरी मी रस्त्याच्या मधोमध अनवाणी उभा राहून दोन्ही हात वर केले होते, का ते माहीत नाही.

मागून बायनाबाईचा आवाज आला, “सेक्रेटरी, कंबर?”

मी वळलो. सगळ्या बघत होत्या. मला खोटं सुचलं नाही. म्हणालो, “बरी आहे, काकू. बरीच होती.”

कुणी हसलं नाही. ताराबाईने माझ्या चपला आणून दिल्या.

सहा किलोमीटर चालत गेलो. केंद्राबाहेर सुभद्रा चहा पीत बसली होती. तिने पावती पुढे केली. दूध एकोणचाळीस लिटर, फॅट सात, वेळ सात बावन्न. मग माझे पाय बघितले, ग्लासातला उरलेला चहा माझ्या हातात दिला, आणि म्हणाली, “लई चाललात.” मला रडू आलं. चहा गरम होता, असं सांगितलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सभा. विषय एक : टेम्पो नसतानाही दूध पोचतंय, क्रमांक शाबूत, सुभद्राबाईंच्या अभिनंदनाचा ठराव. मंजूर. विषय दोन, बायनाबाईने आयत्या वेळी मांडला : ‘सेक्रेटरींच्या मणक्यातील गॅप आपोआप भरून आल्याबद्दल ही सभा समाधान व्यक्त करते.’ अनुमोदन द्यायला इतके हात वर झाले की नावं लिहायला जागा पुरेना. मी ते सगळं सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं.

पण एक गोष्ट कुणीच विचारली नाही. कंबर बरी आहे, तर गाडी का चालवत नाही? कुणीच नाही. बायनाबाईनेसुद्धा नाही. मला आश्चर्य वाटलं.

८ फेब्रुवारी, रविवार

दूध घालून आल्यावर सुभद्रा म्हणाली, “चला, तलावात जाऊ.”

मी म्हणालो, “आता काय शिकायचं राहिलंय तुझं?”

तलावात उतरून तिने गाडी बंद केली आणि किल्ली माझ्यापुढे धरली.

मी किल्ली घेतली नाही. म्हणालो, “सुभद्रे, तुला एक सांगायचंय.”

“नका सांगू,” ती म्हणाली. “म्या माळवदावर मिरच्या वाळत घालायलते. समदं बगितलं.”

“काय?”

“उकिरडा. आन कपडे धुतले कुणी? चार पाण्यानं वास गेला न्हाई.”

मला खाली बसावं लागलं. मग त्या संध्याकाळची कंबर? ती म्हणाली, “माझा भाऊ तुमाला हसला असता. पाच दिसांची नवरी मी. माझ्या नवऱ्याला कुणी हसलेलं मला चाललं नसतं.” आणि वर म्हणाली, “पुढं तुमी गॅपच काढला, त्याला मी काय करू? दर अमावस्येला धडधाकट कंबर शेकून घ्यायचात. हसू दाबता दाबता जीव जायचा माझा.”

मग तिचा आवाज बदलला. “बाबांनी बैल इकले हिच्यासाठी. सर्ज्या आन पवळ्या. चौदा वर्सं ती गोणपाटाखाली बगवत नव्हती मला. आता चालती ती. तुमी बी चालवा.”

मी त्या बैलांची नावं आज पहिल्यांदा ऐकली. चौदा वर्षांत विचारलीच नव्हती. तिची माफी मागितली. इतक्या उशिरा मागितलेली माफी कुठल्या खात्यावर घालायची, मला माहीत नाही. ती म्हणाली, “ठराव ल्ह्या. सुभद्राबाईनं उत्तरेश्वरांना फटफटी शिकवावी. सूचक मी.”

“आणि अनुमोदक?” मी विचारलं. “ज्याच्याबद्दल ठराव, त्याला स्वतःच अनुमोदन देता येत नाही.”

“त्ये बसलेत की,” ती म्हणाली.

पाळीवर त्रिंबकनाना बसला होता. त्याने तिथूनच हात वर केला. म्हणजे कान शाबूत.

मी गाडीवर बसलो. सुभद्रा पाळीवर जाऊन नानाशेजारी बसली आणि त्याला ताकाचा तांब्या दिला. मी किक मारली, गिअर टाकला, क्लच धरून तसाच बसून राहिलो. वरून ओरडा आला, “हळू सोड, कपिले, हळू! झटका देऊ नकू!”

मी मान वर करून पाहिलं. आज नानाने शेळ्या आणल्याच नव्हत्या.

मी हळू सोडला.